तुमची साक्ष

अहो,

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणसं मावली नाहीत, म्हणून पुढच्या अंगणात मांडव घालावा लागला. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलू लागला. एकाने सांगितलं, सुखदेवभाऊ आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. मी पदराआड हसले. शेजारी बसलेल्या आपल्या सुजाताला वाटलं, आई रडते आहे. तिने माझा हात घट्ट धरला. आता तिला काय सांगू? माझं तुमच्याशी जे भांडण लागलं, ते कित्येक वर्षं चाललं आणि अजून मिटलेलं नाही. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, म्हणून मी एकटीच बोलते आहे. तुमची सवय ठाऊक आहे मला, पण या वेळी मध्ये बोलू नका.

तुमच्याबरोबर संसार करणं सोपं नव्हतं, हे परवा कुणीतरी बोलायला हवं होतं. दिवसभर कारखान्याची बस चालवून घरी यायचात आणि चहाच्या आधी केरसुणी घेऊन विहार झाडायला जायचात. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी कुणाची तरी जीप मागून आणायचात आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शिरगावला साईंच्या दर्शनाला न्यायचात. आपल्या वस्तीतले लोक नाराज व्हायचे. "तुमी तितं कशाला जाता?" तुम्ही म्हणायचात, "मी कुटं जातो? त्यांना नेतो." आणि खरंच, देवळात कधी पाऊल टाकलं नाहीत. बाहेर त्यांच्या चपला सांभाळत बसायचात. पौर्णिमेला बेडश्याच्या लेणीत जायचात. एवढा डोंगर चढून तिथे काय करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "काय न्हाई. गप बसतो. घरात कुनी गप बसू देतं का?" रोख कुणावर होता ते मला कळलं होतं.

गाडी शिकायला पोरं यायची, त्यांचे तर हालच. स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी तुम्ही त्यांना डोक्यावर ओझं देऊन फाट्यापर्यंत पायी पाठवायचात. पोरं कुरकुरायची. तुम्ही म्हणायचात, "पायी चालनाराला गाडी कशी दिसती, ते आधी बघून ये. मग बस."

गौतमलाही तुम्ही असंच शिकवलं होतंत. तुमचा धाकटा भाऊ. मामंजी गेले तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. तुम्ही त्याला कडेवर वाढवलंत, शाळेत घातलंत, हातात गाडी दिलीत. तुमच्याच शब्दावर तो कारखान्याच्या बसवर लागला. सासूबाई म्हणायच्या, "सुखदेव, तू न्हाई त्येचा भाऊ, बाप हायस बाप."

आणि मग तो मे महिन्यातला दिवस आला. तुमची पाळी संपली होती. गौतमच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसून तुम्ही घरी येत होतात. कामगार आधीच उतरून गेले होते, गाडीत तुम्ही दोघंच. नवलाख उंबरे गावाच्या पुढच्या वळणावर गौतम फोनवर बोलत होता. तुम्ही "फोन ठेव" म्हणालात, तो "हा, ठेवतो" म्हणाला, आणि तेवढ्यात गाडी रस्ता सोडून कडेला गेली. कडेने डोंगरावरच्या ठाकरवाडीतले धोंडूबाबा येत होते. डोक्यावर करवंदांची पाटी. गाडीने त्यांना उडवलं.

तुम्ही धावत जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलंत. सगळ्या रस्त्यावर करवंदं सांडली होती. ते तुम्हाला "घरी सांगा" एवढंच म्हणाले. रुग्णवाहिका येईपर्यंत ते गेलेले होते.

गौतम घाबरला. पोलीस आले तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हातारा प्यालेला व्हता, झोक जाऊन आडवा आला." आणि लोकांनी लगेच मान डोलावली. वाडीवरच्या माणसाबद्दल असं म्हटलं की पुरावा कुणी मागत नाही. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते कोण वाचतो! संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने ठरवून टाकलं, धोंडू ठाकर दारू पिऊन गाडीखाली आला.

तुम्ही मात्र पोलिसांना जे दिसलं ते सांगितलंत.

त्या दिवसानंतर आपल्या अंगणात वस्तीतली माणसं जमली, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. कुणी रागावून बोलत नव्हतं, सगळे काकुळतीला आले होते. "भाऊ, आपल्याच मानसाला आत घालनार का? आपल्यावर आधीच काय कमी हाय?" तुम्ही खाटेच्या कडेवर बसून ऐकत होतात. मग म्हणालात, "आपल्या बाजूनं कुनी बोलत न्हवतं, तवा आपल्याला कसं वाटायचं, आठवतंय का? धोंडूबाबाच्या बायकोला आज तसंच वाटत आसंल." एकेक करून माणसं उठून गेली.

मी नाही उठले. मला कुठे जायचं होतं! मी म्हटलं, "अहो, खोटं बोलू नका. मी कुठे म्हणते खोटं बोला? फक्त गप्प बसा. दिसलं नाही म्हणा."

"गप बसनं बी बोलनंच आसतं, कमल."

"दर रविवारी मैत्रीभावना म्हणता ना? सगळ्या जीवांवर दया करा म्हणता. मग गौतम जीव नाही? त्याच्यावर नको का दया?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "ते मला आजून कळंना." आणि हातपाय धुऊन जेवायला बसलात.

खटला उभा राहायला दोन-तीन पावसाळे गेले. तेवढा काळ गौतम बायको-मुलांसह आपल्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहत होता. त्याच्या आणि तुमच्यात एक भिंत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मी जेवण वाढत होते. त्याला वाटत होतं, भाऊ ऐन वेळी फिरेल. मलाही तसंच वाटत होतं. तसं व्हावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होते, हेही खरं.

तुमच्या साक्षीच्या दिवशी मी वडगावच्या कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. गौतमच्या वकिलाने तुम्हाला विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"भाऊ."

"तुमच्यात जमिनीचा काही वाद?"

"न्हाई साहेब. लेकरासारखा वाढवलाय."

"मग त्याच्याविरुद्ध का बोलताय?"

"त्याच्या इरुद्ध न्हाई बोलत मी. गेलेला मानूस हितं येऊन बोलू शकत न्हाई. त्याच्या वतीनं बोलतोय. त्याच्या तोंडाला वास न्हवता. तो कडंनं चालला व्हता. आमची गाडी रस्ता सोडून त्याच्या अंगावर गेली."

पंखा फिरत होता, तरी तुमचा सदरा पाठीला चिकटला होता. अहो, मी त्या दिवशी तुमच्यावर इतकी रागावले होते की परतीच्या गाडीत तुमच्या शेजारी बसले नाही. पण त्याच वेळी, त्याच बाकावर, माझी मान ताठ झाली होती. समोर उभा आहे तो माझा नवरा आहे, असं उठून सगळ्या कोर्टाला सांगावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, मला माहीत नाही. वाटलं खरं. राग तुम्हाला लगेच कळला. दुसरं मी कधी बोलले नाही.

गौतमला शिक्षा झाली. सासूबाई कोर्टाच्या पायरीवर म्हणाल्या, "मला एकच ल्योक व्हता, त्यो आत गेला." त्यानंतर त्या तुमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायच्या त्या माझ्या हातचं. तुम्ही रोज कामावरून आलात की त्यांच्या दाराशी उभं राहून विचारायचात, "आये, जेवलीस का?" उत्तराची वाट बघायचात आणि मग आत यायचात. त्यांचा शेवटचा दिवस उजाडला तोपर्यंत हे असंच चाललं.

तुम्ही भावाला तुरुंगात पाठवून मोकळे झालात, असं गाव म्हणायचं. गावाला सगळं कुठे दिसत होतं! गौतमच्या खाचरात भाताची लावणी आपल्या खाचराआधी व्हायची. त्याच्या दोन्ही मुलांना तुम्ही सायकलवर शाळेत सोडायचात. मोठा पुढे बसायचा, धाकटी मागे, आणि ती तुमच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची. तुम्ही ती ओळखायची, असा खेळ. चुकीचं ओळखलंत की तिला फार आनंद व्हायचा, म्हणून मुद्दाम चुकायचात. ती सदराभर अक्षरं घेऊन तुम्ही पाळीवर जायचात.

आणि तुम्ही वाडीवर जायला लागलात. पहिल्यांदा गेलात तेव्हा मी बरोबर होते, कारण तुम्हाला मारतील अशी मला भीती होती. धोंडूबाबांची बायको हौसामावशी दारात तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "कशाला आलास?"

तुम्ही म्हणालात, "बाबांनी 'घरी सांगा' म्हनलंतं. सांगाय आलो."

तिचे हात थांबले. "काय सांगा म्हनला?"

"तेवडंच म्हनले, मावशी. फुडचं बोलाय येळ न्हाई मिळाला."

तिने सूप खाली ठेवलं, घोंगडी टाकली आणि तुम्हाला बसवून सगळं विचारलं. पाणी मागितलं का, दुखत होतं का, डोळे मिटले होते का उघडे. तुम्ही एकेक सांगत गेलात, काही लपवलं नाहीत, काही गोड केलं नाहीत. उठताना ती मला म्हणाली, "तुज्या मालकाच्या मांडीवर गेला माजा मानूस. एकला न्हाई गेला." उतरताना त्या डोंगरावर मी तुमच्या मागे मागे चालत होते.

नंतर तुमची तिथली फेरी कायमचीच झाली. कधी पत्रे बसवायला, कधी कुणाला दवाखान्यात न्यायला, कधी नुसतंच बोलत बसायला. एक दिवस मला म्हणालात, "तुज्या अंगनवाडीत वाडीची पोरं का येत न्हाईत गं?" मी अंगणवाडी सेविका, इतकी वर्षं काम करत होते, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, लांब पडतं त्यांना. तुम्ही म्हणालात, "तुला बी लांबच पडतं का?" झालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी खाऊचा डबा घेऊन डोंगर चढायला लागले. आज तिथे अंगणवाडीची वेगळी खोली आहे. लोक मला बाई बाई म्हणून मान देतात. तो मान मुळात कुणाचा आहे, हे मी आता लिहून ठेवते आहे.

गौतम सुटला तो घरी, बायको-मुलांकडेही, आलाच नाही. लोणावळ्यात तुंगार्लीकडे एका बंगल्यावर राखणदार म्हणून राहिला. सासूबाई गेल्या तेव्हा आला, लांब उभा राहिला, तसाच परत गेला. तुम्ही दर गुरुवारी डबा घेऊन लोणावळ्याला जायला लागलात. तांदळाची भाकरी आणि सुकट, त्याच्या आवडीचं. पहिल्या दिवशी काय झालं ते तुम्ही मला नक्कल करून दाखवलं होतंत.

"साहेब घरी न्हाईत," गौतम फाटकाच्या आतून म्हणाला.

"मी साहेबाकडं न्हाई आलो."

"मग कुनाकडं आलाय?"

"भावाकडं."

"हितं तुमचा भाऊ न्हाई."

"बरं. आला तर त्याला सांगा, डबा फाटकाला टांगलाय."

घरी येऊन मला म्हणालात, "आज बोलला माज्याशी." जणू मोठं बक्षीस मिळालं होतं. पुढच्या गुरुवारी डबा तसाच टांगलेला मिळाला, आंबलेला. मला कळू नये म्हणून तुम्ही तो नळावर स्वतः घासलात. मला कळलं होतं. असे कितीतरी गुरुवार गेले. मग एकदा डबा रिकामा मिळाला. तुम्ही तो मला उघडून दाखवलात आणि हसलात. तुमचे पुढचे दोन दात तेव्हा नुकतेच पडले होते, तरी इतकं सुंदर हसणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. पण डबा रिकामा होऊ लागला तरी फाटक काही उघडत नव्हतं.

ते उघडलं हौसामावशीने. तिने स्वतःच म्हटलं, "मला त्याच्याकडं ने येकदा." आपण तिघं लोणावळ्याला गेलो. तिला पाहिल्याबरोबर गौतम मागे सरकला, भिंतीला जाऊन टेकला.

"भिऊ नको," मावशी म्हणाली. "भांडाय न्हाई आले. माजा मानूस दारूला कदी शिवला न्हाई. पन आज माज्या पोरांच्या सोयरिकी जुळवाय गेलं की लोक म्हनत्यात, ह्यांचा बाप पिऊन गाडीखाली गेला. तुजा भाऊ कोर्टात खरं बोलला. लोक त्याला बी मानीनात. भावाभावांचं काय तरी आसंल म्हनत्यात. तू बोललास तर मानत्याल. मला दुसरं काय नको तुज्याकडनं."

गौतम खाली बसला. टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता उठून आत जाईल. पण तो म्हणाला, "न्हवते प्यालेले, मावशी. मी फोनवर व्हतो. भिऊन बोललो तसं."

"हे वाडीवर येऊन सांगशील?"

"सांगतो."

मग तुम्ही डबा उघडलात आणि म्हणालात, "घ्या, भाकरी गार व्हतीय." एवढं मोठं काही घडलं आणि तुम्हाला भाकरीची पडली होती. आपण चौघं त्या बंगल्याच्या फाटकात बसून जेवलो. मावशीने स्वतःच्या हाताने गौतमला अर्धी भाकरी दिली.

तो वाडीवर आला. देवीच्या देवळासमोर सगळ्यांपुढे उभा राहून त्याने सांगितलं. मग आपल्या विहारात येऊन तेच सांगितलं, जास्त कठीण ते होतं. त्या पावसाळ्यात तो घरी परतला आणि लावणीला तुमच्या शेजारी खाचरात उतरला. तुम्ही दोघं वाकून रोपं लावत होतात, बोलत नव्हतात, पण ओळ दोघांची बरोबर चालली होती. मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा मांडवाचे खांब गौतमने रोवले.

आता माझं भांडण. दवाखान्यात, तुम्हाला थोडं बरं वाटत होतं त्या सकाळी, मी विचारलं होतं, "सगळं जुळलं, पण आईंचं काय? त्या तशाच गेल्या ना?" तुम्ही छताकडे बघत पडला होतात. म्हणालात, "त्यात माजं बरूबर का चूक, ते मला आजून सांगता येत न्हाई, कमल. पन फिरून तीच येळ आली तर तेच बोलीन. आनि फिरून रोज आयेला इचारीन, जेवलीस का म्हनून."

मी काही तरी बोलणार होते. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली, मग डॉक्टर आले, मग तुम्हाला झोप लागली. तुम्हाला वाटलं असेल, ही अजून रागावलेली आहे. होय, आईंसाठी मी अजून रागावलेली आहे. तो राग मी सोडणार नाही, कुणीतरी त्यांच्या बाजूनेही असायला हवं. पण मला जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं. कोर्टातल्या त्या बाकावर माझी मान ताठ झाली ती आजपर्यंत तशीच आहे, हे सांगायचं होतं. तुम्ही पंचशील नुसतं म्हटलं नाहीत, त्याचं मोल स्वतःच्या आईच्या मायेने मोजलंत आणि तरी कडू झाला नाहीत. असा माणूस मला मिळाला.

परवा विहारात शेवटी गौतम उठला. त्याने तुमचं कौतुक केलं नाही. त्या वळणावर काय झालं, आपण काय खोटं बोललो, ते पहिल्यापासून सांगितलं. तरुण पोरं ऐकत होती, त्यातल्या कितींना हे माहीतच नव्हतं. पुढच्या चटईवर हौसामावशी बसली होती, वाडीतली माणसं तिच्या मागे. गौतमचा आवाज अडकला तेव्हा ती म्हणाली, "बोल बाबा, आमी हाय हितं." आणि तो पुढे बोलला.

काल मला कामासाठी वडगावला जावं लागलं. येताना वडापच्या जीपमध्ये मागे बसले. चालवणारा पोरगा माझ्या ओळखीचा नव्हता, त्यालाही मी कोण ते ठाऊक नव्हतं. मधेच, थांबा नसलेल्या ठिकाणी, त्याने गाडी उभी केली. लांबून एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन येत होती. पोरगा उतरला, चालत तिच्यापर्यंत गेला, मोळी आपल्या डोक्यावर घेतली, टपावर टाकली आणि तिला पुढे बसवलं. गाडीतला एक माणूस वैतागला.

"आरं, चल की! पाळीला उशीर व्हतोय. कुनाकुनासाठी थांबतोस?"

"बसू द्या की तिला," पोरगा म्हणाला. "आमच्यात असं सोडून जात न्हाईत."

"आमच्यात म्हंजी? कोन तुमी?"

पोराने गाडी सुरू केली. "आमी सुखदेवभाऊंची पोरं."

तो माणूस आपल्याकडचाच असावा, कारण तो हसला. "त्यांना तर येकच पोरगी व्हती म्हनत्यात."

पोरगा काही बोलायच्या आत मी मागून म्हटलं, "न्हाई ओ. लय हायत."